पुस्तकात नसलेली खाट

आमच्या शाळेला पितळी घंटा नव्हती. अंगणातल्या निंबाला रुळाचा हातभर तुकडा तारेनं टांगलेला होता. नदीपलीकडे रेल्वे झाली तेव्हा कुणीतरी तो बैलगाडीत घालून आणला होता म्हणे. त्यावर लोखंडी मेखेनं ठोका दिला की आवाज आधी घट्ट निघायचा, मग पातळ होत होत घरं, खळी, भिल्लांची भिलाटी ओलांडून तापीच्या पात्रात उतरायचा. अजूनही गॅसवाला सिलिंडर जिन्याच्या पायरीवर टेकवतो तेव्हा मी खुर्चीत दचकतो. सून म्हणते, बाबांचे कान म्हातारपणी तिखट झाले. मी तिला काही सांगत नाही. तो रुळाचा तुकडा आठवडाभर वाजवायला मिळावा म्हणून मी बारा-तेरा वर्षांचा असताना एक गोष्ट रचली होती. ती रचलेली होती, हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही.

सदाशिव मास्तर देशावरचे. शाळेच्या मागच्या खोलीत एकटे राहायचे, हातानं भात शिजवायचे. आमच्या ज्वारी-उडदाच्या कळणाच्या भाकरीला सुरुवातीला नाक मुरडायचे. पुढे कुणाच्या घरून भाकरी आणि वांग्याचं भरीत आलं की शिकवणं थांबवून जेवायला बसायचे. त्यांच्याजवळ पत्र्याची एक पेटी होती आणि तीत पुस्तकं, प्रत्येकाची एकच प्रत. आम्ही त्यांना हात लावायचो नाही. घरी अहिराणी बोलायचं आणि शाळेत मराठी वाचायचं, त्यात धड्याबाहेरचं पुस्तक म्हणजे शिक्षाच वाटायची. मास्तर एकदा म्हणाले, "मी वाचा म्हटलं की तुम्ही एरंडेल पाजल्यासारखी तोंडं करता. आता तुम्हीच एकमेकांना सांगा." तेव्हापासून दर शनिवारी शेवटच्या तासाला दोघा-तिघांनी, एकामागून एक, पुस्तक हातात घेऊन पाटावर उभं राहायचं. मास्तर प्रत्येकासाठी उदबत्ती लावून काडेपेटीत खोचायचे. ती जळेपर्यंत त्यानं वर्गाला त्या पुस्तकाची गोडी लावायची. नियम दोनच होते. शेवट सांगायचा नाही. आणि जो आधी पुस्तक मागेल त्याच्या घरी ते सांगणाऱ्यानं स्वतः नेऊन द्यायचं. उदबत्ती विझली की मास्तर सगळ्यांना डोळे मिटायला लावायचे आणि मग ज्याला पुस्तक हवं त्यानं हात वर करायचा. ज्याच्या पुस्तकाला सगळ्यांत जास्त हात, त्याला पुढचा आठवडाभर घंटा.

डोळे मिटायचा प्रकार माझ्यासाठी होता, हे मला फार उशिरा कळलं. माझे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणायचो, गावचे पाटील. उघड्या डोळ्यांनी हात वर करायचे असते तर माझ्या पुस्तकाला सगळा वर्ग उठला असता. मिटलेल्या डोळ्यांनी दोन उठायचे, कधी एकही नाही. माझ्या मागे बसणारा भास्कर, सोनाराचा, हळूच म्हणायचा, "पाटील, तुन्हासाठे आर्धीच उदबत्ती पुरी." पोरं हसायची. घरी माझ्या ताटाला सगळ्यांआधी तूप पडायचं, मामा कळसाडीहून गूळ पाठवायचे त्यातला पहिला खडा माझा असायचा, आणि शाळेत मला एक ठोका मारायला मिळत नव्हता. हे दुःख आज हसण्यासारखं वाटतं. तेव्हा मी त्यापायी जेवत नसे.

त्या पावसाळ्यात मास्तरांनी मला जे पुस्तक दिलं त्याला पुठ्ठाच नव्हता. कोणी एक गृहस्थ एका मोठ्या नदीच्या काठाकाठानं पायी चालत गेले, त्याची हकीकत. कुठे मुक्काम केला, कुठल्या घाटाला किती पायऱ्या, कुठल्या देवळात कोण पुजारी. मी एक तृतीयांश वाचलं आणि कंटाळून ठेवलं. शुक्रवारी संध्याकाळी पाऊस उघडला होता. ओसरीवर उडदाच्या डाळीला फोडणी पडल्याचा वास होता आणि मी उद्याच्या धास्तीनं अंगणाकडे बघत बसलो होतो. पेरण्या आटोपल्या होत्या. मायनं बियाण्याची रिकामी मडकी धुऊन अंगणात आणली आणि उलट्या ठेवलेल्या खाटेच्या चार खुरांवर पालथी घातली, वाळायला. वर्षभर त्या मडक्यांची तोंडं शेणमातीनं लिंपून बंद केलेली असत, आत किडा जाऊ नये म्हणून. धुतल्यावरही काठांना त्या लिंपणाचा पोपडा राहिला होता. अंगणातल्या डबक्यात ती उलटी खाट आणि तिची चार मडकी दिसत होती, जणू ती पाण्यावर तरंगत होती. मला उद्याचं पुस्तक मिळालं होतं.

शनिवारी पाटावर उभा राहून मी पायऱ्या नि पुजारी एका दमात संपवले. मग आवाज खाली आणला. म्हटलं, नदीला पूर आलेला. नाव बंद. पलीकडे त्या गृहस्थांचं माणूस आजारी. नावाडी म्हणतात, जीव द्यायचा असेल तर जा. तेव्हा त्यांनी एका म्हातारीकडून खाट मागून घेतली. तिच्या चार खुरांना चार मडकी बांधली, तोंडं बंद केलेली. खाट पाण्यात लोटली, वर पालथे पडले आणि हातांनी वल्हवत निघाले. मी मधली धार सांगितली, वाहत आलेलं झाड सांगितलं, झाडावरचा साप सांगितला. वर्गात कुणी खोकत नव्हतं. मास्तर खाली बघत बसले होते. खाटेचं नाव निघालं तेव्हा त्यांनी मान वर केली, माझ्याकडे पाहिलं, आणि त्यांच्या मिशीखाली थोडं हसू आलं. बोलले काही नाहीत. "आता काठ हाताला लागणार," मी म्हणालो, "तेवढ्यात एक मडकं..." आणि उदबत्ती विझली. मास्तर म्हणाले, "डोळे मिटा." मीही मिटले. कापडांची सळसळ ऐकूनच मला कळलं. घंटा माझी झाली होती. पुस्तक सगळ्यांत आधी कुणी मागितलं, हे मास्तरांनी सांगितलं. सुपडूनं. त्यानं दोन्ही हात वर केले होते.

सुपडूच्या आधीची भावंडं जगली नाहीत, म्हणून जन्मल्याबरोबर त्याला सुपात घातलं आणि तेच नाव ठेवलं. वाचली होती ती फक्त थोरली बहीण, काशी. आई गेल्यावर त्याला काशीनंच वाढवलं. तिला तापीपलीकडच्या गावी दिली आणि लग्नातच मानपानावरून दोन्ही घरं भांडली. व्याह्यांनी तिला माहेरी धाडणं बंद केलं. आखाजीला गावोगावच्या लेकी माहेरी येऊन झोक्यावर गाणी म्हणतात, त्या वर्षी काशी आली नव्हती. बाप दुसऱ्याच्या शेतात सालानं राबायचा, त्याला सवड नव्हती आणि राग गिळायची इच्छाही नव्हती. सुपडू मात्र शाळा सुटली की काठावर जाऊन बसायचा. पलीकडच्या घाटावर काशी धुणं धुवायला यायची. इथून ती बोटाएवढी दिसे, पण तिचं हिरवं लुगडं तो ओळखायचा. ती ओळखीसाठी पदर हलवायची. पूर आला, नाव बंद झाली, आणि त्याच सुमारास हिरवं लुगडं घाटावर यायचं थांबलं. हे सगळं मला माहीत होतं. गावात सगळ्यांना माहीत होतं. गोष्टीत पलीकडे आजारी माणूस घालताना मला सुपडू आठवला होता की नाही, हे मी स्वतःला आयुष्यभर विचारत आलो आहे. बहुतेक आठवला होता. कुठली तार छेडली की वाजते, हे सांगणाऱ्याला बरोबर कळतं.

नियमाप्रमाणे मी त्याच संध्याकाळी पुस्तक त्याच्या घरी द्यायला हवं होतं. पण ते वाचल्यावर त्याला खाट सापडली नसती. सोमवारी वर्गात तो उभा राहिला असता, आणि माझ्या हातातली मेख गेली असती. मी पुस्तक घरच्या सरकीच्या ढिगात खुपसलं.

सोमवारी मी घंटा वाजवत होतो तेव्हा तो निंबाखाली येऊन उभा राहिला. "भाऊ, पुस्तक कवय देशी?"

"आबास्नी वाचाले ली ठेयं," मी म्हणालो.

"पाटील पुस्तक वाचतस?" त्याला खरंच आश्चर्य वाटलं. मंगळवारी पुन्हा आला. मी म्हणालो, अजून वाचून झालं नाही. तो गेला नाही. पायाच्या अंगठ्यानं चिखल उकरत उभा राहिला.

"बरं, मंग एवढंच सांग. त्या मडकास्ना तोंडं त्यानी कसाघाई बुजात?"

मी याचा विचारच केला नव्हता. डोळ्यासमोर मायची मडकी आली. "शेणमातीघाई."

"शेणमाती तं पानीमा इरी जास ना, भाऊ."

त्याला ते माहीत होतं. मलाही माहीत होतं. अंगणात मायनं मडकी धुतली तेव्हा ते लिंपण पाण्यानंच निघालं होतं. पण मेख माझ्या हातात होती आणि चार पोरं ऐकत होती. "पुस्तकमा तसंच शे," मी म्हणालो.

"पुस्तकमा शे?"

"हा."

त्यानं थोडा विचार केला. "मंग व्हई," म्हणाला, आणि वर्गात गेला.

मग असेल. ते दोन शब्द माझ्या कानातून गेले नाहीत. पुढे मीही नोकरीत पुष्कळ कागद वाचले, पुष्कळ लोकांना वाचून दाखवले. छापलेलं आहे म्हटल्यावर समोरचा माणूस स्वतःच्या हाताची खात्री सोडून मान डोलावतो, हे मी कितीदा पाहिलं. दर वेळी मला तो चिखलातला अंगठा दिसला.

गुरुवारी सकाळी बारीक पाऊस होता. मी शाळेची पहिली घंटा दिली आणि मेख ठेवणार तोच गुराखी ओरडत आला की धारेत खाट चालली आहे आणि खाटेवर पोरगं आहे. मास्तर खोलीतून भाताचे हात तसेच घेऊन बाहेर आले. "वाजव," मला म्हणाले, "थांबू नकोस." मी वाजवत राहिलो. शेतांतून माणसं धावली, दोर आले, नावाडी आले. मी काठावर गेलो नाही, मला घंटेवर ठेवलं होतं. सुपडूला त्या पाण्यात शेवटी जर काही ऐकू आलं असेल तर ती मी वाजवत असलेली घंटा. माझ्या तळहाताची कातडी सोलली तरी कुणी मला थांब म्हटलं नाही. दुपारी लोक परतले तेव्हा ते कशाला गेले होते हे चेहऱ्यांवरून कळत होतं, आणि हात रिकामे होते. खाट मात्र सापडली. ती पलीकडच्या काठाला, काशीच्या गावाखाली बाभळीत अडकली होती. तिला दोन मडकी अजून बांधलेली होती, तोंडं उघडी. काशी त्या दिवसांत बाळंतीण होती, म्हणून घाटावर येत नव्हती. तिला मुलगा झाला होता. ती बातमी नाव सुरू झाल्यावर आली.

पोरांनी सांगायचं ते सांगितलंच. संध्याकाळी चावडीत माणसं बसली. मध्ये आबा, शेजारी म्हातारे दगा बापू, एका कोपऱ्यात सुपडूचा बाप, डोकं गुडघ्यात. मास्तर उभे होते. मी खांबाआड होतो.

दगा बापू म्हणाले, "मास्तर, खाटलानं ते पुस्तकमा शे का नही, एवढंच सांगा."

मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं नाही. कंदिलाकडे पाहत म्हणाले, "आहे."

"दाखाडा."

"त्या मुलानं ते वाचायला घेतलं होतं. त्याच्याबरोबर नदीत गेलं असेल."

आबांनी विचारलं, असलं पुस्तक मुलांच्या हाती का दिलं. मास्तर म्हणाले, "माझी चूक झाली." सुपडूच्या बापानं मान वर केली. "मन्हा पोऱ्याले आख्खं पुस्तक वाचता येत व्हतं का, मास्तर?"

"चांगलं येत होतं," मास्तर म्हणाले.

बापानं मान हलवली, कुणी मुलाची तारीफ केल्यावर हलवावी तशी. तो एवढंच बोलला.

घरी सरकीच्या ढिगात पुस्तक कोरडं होतं. मी धावत जाऊन ते आणलं असतं तर चावडीत वाचू शकणारे चार लोक होते. त्यांनी पानं चाळली असती आणि मास्तर सुटले असते. मी खांब धरून उभा राहिलो. रात्री मायनं भाकरी दुधात कुस्करून माझ्या तोंडाशी धरली, सोललेल्या तळहातांना तेल लावलं, आणि म्हणाली, "मन्हा पोऱ्यानी किती घंटा वाजाडी."

मास्तरांची बदली खाली नवापूरच्या जंगलाकडे झाली, खांडबारा स्टेशनाच्याही आत, जिथली मुलं कोकणा आदिवासींची कोकणी बोलत आणि मराठी त्यांना आमच्याहून परकी होती. पेटी आबांनी ठेवून घेतली. पुढे वाळवीनं आतली पुस्तकं खाल्ली. बैलगाडीत बसताना मास्तरांनी मला जवळ बोलावलं. वाटलं, आता विचारतील. त्यांनी इतकंच विचारलं, "पुस्तक त्याच्या घरी पोहोचवलं होतंस ना?"

मी म्हणालो, "हो."

"बरं," ते म्हणाले, आणि गाडीवानाला निघायला सांगितलं. पुष्कळ वर्षं मी मनाची समजूत घालत होतो की मास्तरांनी ते पुस्तक वाचलेलंच नसेल, त्यांना खरंच वाटलं असेल की खाट त्यात आहे. पण पुस्तक माझ्याकडेच राहिलं होतं. मोठेपणी एकदा धीर करून ते शेवटपर्यंत वाचलं, तेव्हा शेवटच्या पानापर्यंत समासात त्यांच्या पेन्सिलीच्या बारीक खुणा होत्या. ते माझ्यासाठी खोटं बोलले, की पाटलाच्या मुलासाठी, की शनिवारी खाट ऐकताना हसून गप्प बसले होते म्हणून स्वतःला शिक्षा करून घेतली, हे मला ठरवता आलेलं नाही. त्यांना विचारायला मी कधीही खांडबाऱ्याला उतरलो नाही. गाडी त्या स्टेशनात थांबे तेव्हा मी खिडकीची फळी पाडून घ्यायचो.

नोकरीतून मोकळा झाल्यावर एका हिवाळ्यात मी पुस्तक पिशवीत घालून तापीपलीकडे गेलो. आता पूल होता. पोहोचवायचं राहिलेलं पुस्तक पोहोचवायचं आणि सगळं सांगून टाकायचं, असं ठरवून गेलो होतो. काशीबाई ओट्यावर शेंगा फोडत बसली होती. दृष्टी गेलेली, पण आमच्या गावचं नाव काढताच चेहरा उजळला. मी भिंतीलगतच्या खाटेवर बसलो. तिनं हातानं चाचपून पाहिलं, मी कुठे बसलो ते. "त्याच खाटलावर बठना तू, भाऊ," ती म्हणाली. "पोऱ्या पोचना नही, खाटलं पोचनं." मला उठताही येईना.

मी म्हणालो, सुपडूनं मागितलं होतं ते पुस्तक आणलं आहे. तिनं ते हातात घेतलं, हुंगलं, कपाळाला लावलं आणि परत दिलं. "वाची दाखाड."

मी वाचू लागलो. मुक्काम, घाट, पायऱ्या, पुजारी. ती शेंगा बाजूला ठेवून ऐकत होती, सुपडू ऐकायचा तशी, मान थोडी पुढे काढून. मध्ये सुनेनं चहा आणला. दर थोड्या वेळानं काशीबाई विचारायची, "खाटलं कवय येस?" मी म्हणायचो, येईल. ऊन ओट्यावरून उतरलं. एवढं आयुष्य ती त्या खाटेच्या गोष्टीवर जगली होती. आपला भाऊ काहीतरी मोठं, छापलेलं, खरं असलेलं करायला निघाला होता, या एका समजुतीवर. पानं संपत आली. सांगायची वेळ झाली होती. आणि मी पायऱ्या नि पुजारी असलेल्या पानाकडे बघत तिला खाट वाचून दाखवली. पूर, बंद नाव, म्हातारी, चार मडकी. बारा-तेरा वर्षांच्या पोराचा आवाज माझ्या गळ्यातून निघत होता. पण या वेळी माझा जीव धजेना, म्हणून मी मडक्यांची तोंडं मेण आणि लाख लावून बंद केली, आणि त्या माणसाला सुखरूप काठाला लावलं.

काशीबाईनं बाजूला ठेवलेल्या शेंगा पुन्हा पुढे ओढल्या. मग म्हणाली, "मेन लायं व्हतं त्यानी?"

"हा."

"पुस्तकमा तसं शे?"

"हा."

"मडकास्ले माती व्हती, भाऊ. मी मन्हा हातघाई पुसी." तिनं बोटं एकमेकांवर चोळली. "मंग सुपडूनी माती काबर लायी?" उत्तराची वाट न पाहता तिनंच मान हलवली. "नीट आयकं नही व्हई त्यानी. ल्हानपनपाइन त्यानं ध्यान आठे नही तं तठे."

मी पुस्तक तिच्या मांडीवर ठेवून निघून आलो. पुढच्या वर्षी ती गेली. तिच्या नातवाची नि माझी अधूनमधून गाठ पडते. आजीच्या भावाची गोष्ट त्यांच्या घरात पोरांना अजून सांगतात, म्हणाला. शाळेत लक्ष दिलं नाही तर काय होतं, त्यासाठी.

म्हणून हे लिहितो आहे, आणि लिहून झालं की त्याच्याच हाती देणार आहे. त्या पुस्तकात खाट नव्हती, मेण नव्हतं, मातीही नव्हती. मास्तरांनी असं कुठलंही पुस्तक कुठल्याही मुलाच्या हाती दिलं नव्हतं. शेणमाती मी सांगितली. सुपडूनं नीट ऐकलं होतं. त्या वर्गात त्याच्याइतकं नीट कुणीच ऐकलं नव्हतं.